लागू कधीपासून

नाही, फोन मी आपटला नाही. बॅटरी गेली. "मग शिंप्याला का केला, मला का नाही, एवढंच सांग," असं तू तिसऱ्यांदा विचारलंस, मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फोन मेला. चार्जर शोधून परत लावेपर्यंत तू तुझा बंद करून बसला होतास, आणि परवापासून तो बंदच आहे. म्हणून हे भांडण आता कागदावर करावं लागतंय. त्यात माझा एक फायदा आहे, कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. (तू मध्येच बोलतोस. लहानपणापासून. माझे तीन शब्द झाले की चौथा तू लावून द्यायचास, आणि तो दरवेळी चुकीचा असायचा.)

पण आधी रीत. दादास धाकटीचा नमस्कार. कोपरावरचा भट्टीचा चटका भरला का? बाबांना नेलं त्या दिवशी तू फाटकाशी उभा होतास आणि शर्टाची बाही सारखी खाली ओढत होतास, ते मी पाहिलं. आत आला नाहीस तेही पाहिलं. दिवसा झोप लागते का? रात्रपाळीवाल्याला हे विचारायचं असतं असं खालचे शिंपीकाका म्हणाले, म्हणून विचारते. मी बरी आहे. जेवते, आंघोळ करते, कामावर जाते, आणि बाबांच्या खोलीचं कुलूप उघडून, आत न जाता, परत लावते. याला बरं म्हणतात का ते माहीत नाही, पण मी बरी म्हटलं की विचारणाऱ्याला बरं वाटतं.

तर, शिंप्याला का केला. सांगते. पण त्यासाठी मी काय काम करते ते तुला एकदा तरी नीट ऐकून घ्यावं लागेल. तू लोकांना "धाकटी कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगतोस, जसं काही मी आत जाऊन बसलेय. बाबा सांगायचे, "ती सूचना लिहिते," आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की मी जिन्यात "येथे थुंकू नये" वगैरे रंगवते. तरी बाबाच जास्त बरोबर होते. नवीन वस्तूच्या खोक्यात एक घडीचा कागद असतो ना, जो लोक सगळ्यात आधी फेकून देतात? तो मी लिहिते. पाच वर्षं झाली. माझं लिखाण घरोघरी पोचलंय आणि कुणीही ते वाचलेलं नाही. (कॉलेजात मी विरामचिन्हांशिवाय कथा लिहायचे, तेव्हाही वाचकसंख्या साधारण एवढीच होती.)

बाबांच्या भिंतीवरची डबी आमच्याच कंपनीची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. गळ्यात दोरी, दोरीला लाल बटण. बटण दाबलं की डबी पहिल्या नंबरला फोन लावते, त्याने नाही उचलला तर दुसऱ्याला, मग परत पहिल्याला, परत दुसऱ्याला, कुणीतरी उचलेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी मीच आणून बसवली. गळ्यात घंटा बांधायला मी काय बैल आहे का, म्हणाले, आणि मग दोन वर्षं आंघोळीलाही काढली नाही. पहिला नंबर शिंपीकाकांचा, कारण ते खालच्या मजल्यावर दिवसभर मशीनवर असतात. दुसरा माझा. तुझा कुठेच नाही. आपल्या बस डेपोत तुला चिकटवायला बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी शब्द टाकला होता, आणि तू चार महिन्यांत, न सांगता, बेकरीत गेलास. त्यावर ते काय बोलले आणि तू काय बोललास ते इथे लिहीत नाही. दोन्ही बाजू मला पाठ आहेत, आणि दोन्ही बाजू मलाच ऐकवल्या गेल्यात, तीन वर्षं, आळीपाळीने.

ही डबी सुरू होताना एकदा मोठ्याने सांगते, पहिला संपर्क कोण, दुसरा कोण. ती नावं ज्याची डबी त्याने आपल्याच आवाजात भरायची. (ही कल्पना माझी. म्हाताऱ्या माणसाला अनोळखी बाईच्या आवाजाची भीती वाटते, असं मी मीटिंगमध्ये म्हटलं. सगळ्यांनी मान डोलावली, आणि बाकीची सगळी वाक्यं अनोळखी बाईच्या आवाजात भरली.) बाबांनी काकांसाठी भरलं, "शिंपी. खालचा." माझ्यासाठी भरलं, "धाकटी. कामात असते." मी म्हटलं, बाबा, नुसतं नाव सांगायचं असतं हो. ते म्हणाले, नुसत्या नावाने काय कळतं, बसच्या पाटीवर नुसतं गाव लिहून भागतं का, मार्गे लिहावं लागतं.

आता मुद्द्यावर येते. (येत होतेच. तू मध्ये बोलतोयस असं वाटलं.) कुठल्याही यंत्रात काही गोष्टी बदलता येतात, त्यांना आम्ही सेटिंग म्हणतो. त्या तीन जातीच्या. काही कारखान्यातून येतानाच ठरलेल्या, त्या कुणाच्या बापाला बदलता येत नाहीत. काही बदलल्या की त्याच क्षणी चालू, उदाहरणार्थ आवाज मोठा-लहान. आणि तिसरी जात वाईट. ती तुम्ही केव्हाही बदला, यंत्र हो म्हणतं, लिहूनही घेतं, पण वागतं जुन्याप्रमाणेच. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की मगच नवीन गोष्ट त्याच्या डोक्यात शिरते. आमच्याकडे डबीचं पोट ज्याने बनवलं त्याला सगळे दाढी म्हणतात. तो म्हणतो, डबी जागी होताना नंबरांची यादी एकदा वाचते, पाठ करते, आणि मग कागदाकडे परत बघतच नाही. का, तर ऐन वेळी कागद सापडला नाही असं नको. हुशारीच आहे. आपल्याकडे अर्धी माणसं याच पद्धतीने चालतात.

मी ते नीट लिहिलं होतं, दादा. तक्ता होता. तीन रकाने. सेटिंगचं नाव, कुणी बदलायचं, आणि बदल कधी अमलात येतो. नंबरांच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात मी स्वतः लिहिलं होतं, "डबी बंद करून पुन्हा चालू केल्यावर." मग कागद मांडणीला गेला. मांडणी करणाऱ्या बाईला आम्ही कात्री म्हणतो, प्रेमाने. ती म्हणाली, अक्षर मोठं हवं, म्हातारी माणसं वाचणार. कागद तेवढाच हवा, खोकं लहान आहे. तेव्हा एक रकाना जाईल, कुठला ते तू सांग. मी तिसरा दिला. नावाचा रकाना कापता येत नाही. कुणी बदलायचं हा कापला तर मोठ्या बाई (आमच्या साहेब) ओरडतात. राहिला तो. त्याच्या बदल्यात तक्त्याखाली एक ओळ टाकली, "ही सर्व सेटिंग कधीही बदलता येतात." खोटं नव्हतं. येतात की बदलता. कधीही. त्या ओळीखाली माझी सही आहे.

बाबांना मात्र हा कागद पटला नव्हता. बत्तीस वर्षं डेपोत वेळापत्रक लावलेला माणूस. त्यांच्या प्रत्येक पत्रकावर दोन तारखा असायच्या, वर उजवीकडे काढल्याची आणि खाली, ठळक, लागू कधीपासून ती. तुला आठवत असेल, आपण लहान असताना घरात काही ठरलं (उद्यापासून टीव्ही बंद, उद्यापासून रोज वाचन) की तू विचारायचास, लागू कधीपासून, आणि ते हसू दाबत पुढच्या सोमवारची तारीख द्यायचे. आपण सगळी टीव्हीबंदी पुढच्या सोमवारवर काढली. तर डबीचा कागद त्यांनी घडी घालून फळीवर ठेवला. फेकला नाही. माझ्या माहितीत तो कागद जपून ठेवलेला एकमेव माणूस.

आता तो मंगळवार. तू फोनवर म्हणालास, दुपारी दोनला मी घरीच होतो, झोपलो होतो पण फोन उशाशी होता, पंचवीस मिनिटांत पोचलो असतो. हो. दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं. डबीने शिंपीकाकांना लावला. काकांचा फोन कुणाच्यातरी बेतलेल्या ओव्हरकोटखाली होता आणि मशीन चालू होतं. मग मला लावला. मी मीटिंगमध्ये होते. कसली मीटिंग, ते ऐक आणि हस, मी हसले नाही म्हणून कुणीतरी हसायला हवं. मीटिंग त्या ओळीवर होती. डबीचं पुढचं मॉडेल येतंय, त्याचा कागद. दाढी म्हणत होता, "कधीही" हा शब्द काढ, लोक फसतील. आणि मी दीड तास त्या शब्दाची वकिली करत होते. दाढीला लिहिता येत नाही आणि मला येतं, एवढाच माझा मुद्दा होता. बाकी सगळं मी त्याच्याभोवती गुंडाळलं. आमच्याकडे मीटिंगला फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवतात. (मोठ्या बाईंचा नियम. एकाग्रता.) टोपली मध्येच गुरगुरली. थांबली. परत गुरगुरली. दाढीने तिकडे बघितलं. मी म्हटलं, ज्याचा असेल तो नंतर बघेल, आपण आधी हा शब्द संपवू.

शब्द संपला नाही. टोपली तीनला गप्प झाली.

काकांना तीन वाजता दोरा बदलताना फोन दिसला, त्यांनी उचलला. ते वर धावले. बाबा कपाटाला पाठ लावून बसले होते, एक पाय लांब, चष्मा हातात. काका म्हणतात, शुद्धीवर होते, दोनदा विचारलं, "आला का?" काकांनी सांगितलं, येतेय, येतेय, गाडी येतेय. गाडीत चढवल्यावर ते गेले. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तरी बहुधा फरक पडला नसता. मी त्यांना विचारलं, बहुधा हा शब्द कशासाठी आहे. ते म्हणाले, तसं म्हणायची पद्धत असते. मी म्हटलं, मला माहितीये, मीही याच धंद्यात आहे.

काका अजून मला तोंड दाखवत नाहीत. बाबांची विजार त्यांच्याकडे होती, दोन बोटं आखूड करायला दिलेली (बाबा कमी होत चालले होते, उंचीने). ती घडी घालून, इस्त्री करून, माझ्या दाराच्या कडीला अडकवून गेले. आतून दुमड बघितली. इतकी बारीक टीप त्यांनी लग्नाच्या कपड्यांनाही घातली नसेल.

मग मी डबी भिंतीवरून काढून कामावर नेली. आमच्याकडे वस्तू परत घेताना फॉर्म भरावा लागतो. परत करण्याचं कारण, यापैकी एकावर खूण करा: बिघडली, आवडली नाही, दुसरा रंग हवा. मी दुसरा रंग हवा यावर खूण केली. दाढीने डबीला वायर लावली. डबीत बॅटरी असते, भिंतीवरून काढली तरी ती बंद पडत नाही. आमची जाहिरातच आहे तशी, दोन वर्षांत एक क्षणही झोपत नाही. पडद्यावर दोन याद्या आल्या. एक, डबीला पाठ असलेली: शिंपी, धाकटी. दुसरी, कागदावरची, म्हणजे आत लिहून ठेवलेली, शेवटचा बदल एकोणीस दिवस आधी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्यात पहिला नंबर तुझा आहे.

हळू वाच. मी हे वाक्य सात वेळा लिहून पाहिलं आणि ते याहून स्पष्ट होत नाही. मंगळवारच्या आधी एकोणीस दिवस बाबांनी शिंपीकाकांना काढलं आणि तुला पहिला केलं. दोन वर्षांत डबी एकदाही बंद पडली नाही, म्हणून तिच्या डोक्यात ते शिरलं नाही, आणि ती जुन्याच माणसाला फोन लावत बसली. शिंप्याला डबीने केला. बाबांनी तुलाच केला होता.

का बदलला ते मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगणाऱ्यांतले ते नव्हते. एवढंच कळलंय की शिंपीकाका गेलं वर्षभर आठवड्यातून दोनदा तुझ्या बेकरीतून ब्रेड आणत होते, तो त्यांच्यासाठी नव्हता. वर जायचा. बाबा तो उन्हात धरून भोकं बघायचे आणि म्हणायचे, आज पीठ नीट फुगलंय, किंवा, आज घाई केलीये त्याने. काका म्हणाले, तुला सांगायचं नाही अशी बाबांनी शपथ घातली होती. मी काकांना म्हटलं, शपथ लागू कधीपर्यंत ते ठरलं होतं का? ते म्हणाले, नव्हतं. म्हणून सांगतेय.

तर दादा, दोष कुणाचा असेल तर त्या रकान्याचा आहे, आणि तो आता परत आलाय. मोठ्या बाई म्हणाल्या, पुढच्या छपाईला बघू. मी म्हटलं, नाही. मग मी गोदामात बसून सहाशे खोकी उघडली आणि सहाशे कागदांवर हाताने पट्टी चिकटवली, तिसऱ्या रकान्याची. रकान्याचं शीर्षक, "लागू कधीपासून." कात्री म्हणाली, सरकारी वाटतं. मोठ्या बाई म्हणाल्या, जुनाट वाटतं. दाढी म्हणाला, कळतं. राहिलं. (सहाशेपैकी साधारण चाळीस पट्ट्या वाकड्या आहेत. त्या दिवशी माझे डोळे सारखे पुसावे लागत होते आणि हाताला गोंद होता, यापुढे तपशील देत नाही.)

बाकी सर्व ठीक. तुझ्या उत्तराची घाई नाही. उद्या सकाळी हे पोस्टात टाकते. चटक्याला हवा लागू दे, सारखी बाही ओढू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. पोस्टात टाकलं नाही. तुझ्याकडेच निघालेय, हे बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे. मांडीवर डबी आहे, दाढीकडून शुक्रवारपर्यंत मागून आणलेली. ती दर दहा मिनिटांनी बोलते, "वीज गेली आहे. घाबरू नका. मी चालू आहे." (वाक्य माझंच.) शेजारच्या बाईने विचारलं, आत कोण आहे. मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, मग ते कुणाला सांगतंय घाबरू नका म्हणून? मग वळणावर मी दोरीवर बसले आणि बटण दाबलं गेलं. पहिल्याच घंटेला काकांनी उचललं (हल्ली ते फोन मोजपट्टीला बांधून गळ्यात घालतात). सगळ्या बसला ऐकू गेलं, "आलो, आलो, हा निघालो, बसून राहा, उठू नका." मी ओरडले, काका, मी आहे, चुकून लागला. ते ऐकेनात. जिना चढतानाचा श्वास ऐकू येत होता. मग कडी हलवल्याचा आवाज. मग म्हणाले, "अगं, इथे कुलूप आहे." मी म्हटलं, हो काका. ते म्हणाले, "आलोच आहे तर थोडा वेळ बसतो पायरीवर." शेजारच्या बाईने मला खिडकीची जागा दिली.

ता. ता. क. बसमधून उतरले, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी बाकावर बसलेय. दोष रकान्याचा आहे असं वर लिहिलं ते खोडणार होते, पण खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील, म्हणून खाली लिहिते.

बाबांनी मला विचारलं होतं.

एकोणीस दिवस आधी, चार वाजून पंधरा मिनिटांनी, त्यांचा मला फोन आला. कामावर, ऐन घाईत. म्हणाले, "डबीतला पहिला नंबर बदललाय मी. तुझ्या कागदावर लिहिलंय, कधीही बदलता येतो. ते कळलं. लागू कधीपासून?" मी एका हाताने दुसरं काहीतरी टाइप करत होते. म्हटलं, लगेच बाबा, लगेच. ते म्हणाले, "नक्की? नुसती पाटी बदलून चालत नाही, ड्रायव्हरलाही कळावं लागतं." मी म्हटलं, बाबा, ही बस नाहीये. ते म्हणाले, बरं, तुला जास्त कळतं, आणि ठेवला. पहिला कोण केला ते मी विचारलंसुद्धा नाही.

मला माहीत होतं, दादा. तो रकाना मी लिहिला होता. कापला गेला तो कागदावरून. माझ्या डोक्यात तर होता ना. त्या कागदाला बरोबर प्रश्न विचारणारा जगात एकच माणूस निघाला, आणि त्याला मी चुकीचं उत्तर दिलं, कारण मी कामात होते. आवाज भरताना त्यांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं.

आता तू मला फोन कर किंवा करू नकोस. माझ्यावर रागव, तो अधिकार तुझा. पण "मला का नाही" हे परत कुणाला विचारू नकोस. बाबांना तर अजिबात नको, मनातसुद्धा.

ता. ता. ता. क. तुझ्या दाराबाहेर, तिसऱ्या पायरीवर. आत यायचं ठरवून आले होते. दोघांनी मिळून ऐकायचं असं ठरवलं होतं. पण वरचा कागद दिल्यावर तुझं तोंड बघायची माझी हिंमत नाही, आणि तू मध्ये बोलशील.

काम एवढंच आहे. डबी उंबऱ्यापाशी ठेवलीये. पत्राला शिंपीकाकांची टाचणी लावलीये, ती जपून काढ. डबीच्या तळाला बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून पाच मोजेपर्यंत दाब. डबी बंद पडेल. दोन वर्षांत पहिल्यांदा. घाबरू नकोस. पुन्हा दाब. ती जागी होईल, यादी नव्याने वाचेल आणि मोठ्याने सांगेल, पहिला संपर्क कोण. बाबांच्या आवाजात. ते त्यांनी तुझ्यासाठी नवीन भरलंय, त्याच दुपारी. दाढी ऐकवतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. फक्त लांबी बघितली. "शिंपी. खालचा." दोन सेकंदांचं आहे. माझं तीन. तुझं सात. सात सेकंदांत ते काय काय बोलले असतील ते मला माहीत नाही; तुझ्यावर चिडलेले असताना ते तीनमध्ये संपवायचे.

शुक्रवारी डबी कंपनीत परत द्यायचीये, तिथे ती कोरी करतात. म्हणून त्याच्या आत. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेल, नंतर वायरवर लाव. तुझ्यानंतर दुसरा संपर्क म्हणून माझं वाजेल, ते ऐकलंस तर ऐक, हसलास तर हस.

आत नळ वाजला. उठलास वाटतं. निघते.